पाचच्या गाडीने येणारं दूध

१६ जून, सोमवार

ही वही संजीवनीने दिली. आमच्या गावची आशा ताई आहे ती. म्हणाली, "काकू, पोरीनं किती वाजता किती दूध पेलं, किती लंगोट ओले केले, सारं लिहून ठेवजा. वजन करायले आली का मले दाखवजा." मी म्हटलं चौथी शिकलेल्या बाईला कशाला लिहायला लावते. ती म्हणते चौथीत आकडे येतात ना, तेवढेच पाहिजेत. बरं. जागा उरेल तिथं मी माझंही लिहीन. वही माझ्या घरात आहे.

आज सकाळी सातच्या गाडीने समता खामगावला गेली. माझी एकच लेक. तिथं एका लॅबमध्ये रक्त तपासते. तीन महिने घरी राहिली, त्याच्यावर एक दिवस मालक द्यायला तयार नाही. जावई प्रसेनजित नागपूरला कंपनीत. तिची सासू लग्नाच्या आधीच गेलेली. समता म्हणत होती, आई, तूच चल खामगावला, खोली आहे, आपण तिघी राहू. मी म्हटलं माझ्या दोन म्हशी काय तुझ्या खोलीत बांधू? लेकरू माझ्याजवळ ठेव, दूध काढून पाठव, रविवारी येत जा. ती गप्प बसली. पटलंच असेल.

माझी नात सुजाता दिवसभर रडली. सकाळी समताने काढून ठेवलेलं दूध चमच्याने पाजलं. दहाला साठ मिली, एकला सत्तर, चारला पन्नास आणि वरून उलटी.

१७ जून, मंगळवार

पाचला शेषरावची काळी-पिवळी फाट्यावर आली. त्याच्या जीपमध्ये रोज कोणाचा ना कोणाचा डबा असतोच, आता आमचाही. थर्माकोलच्या डब्यात बर्फ आणि चार बाटल्या. दूध कसं, पातळ, निळसर. घरी आणलं, पातेल्यात ओतलं आणि गॅसवर उकळायला ठेवलं. आयुष्यभर दुधाचा धंदा केला, कच्चं दूध कधी कोणाच्या तोंडी लावलं नाही.

तेवढ्यात संजीवनी आली. तिने गॅस बंद केला आणि मलाच बोलली, "काकू, हे तुमच्या चंद्री म्हशीचं दूध नाही. हे उकळलं तर त्यातलं सारं मरून जाते. बाटली कोमट पाण्यात ठेवायची, बस."

एक बाटली वाया गेली. समताला सांगितलं नाही. उगाच फोनवर रडली असती.

२२ जून, रविवार

समता आली. आल्या आल्या पोरीला अंगावर घेतलं. मग दुपारी ती दूध काढायची मशीन बाहेर काढली. वीतभर डबी, त्याला नळी, नळीला नरसाळं. घुर्रघुर्र करते. मी मेहकरच्या कृषी प्रदर्शनात म्हशींची पाहिली होती तशीच, फक्त लहान. मी हसली तर तिने पदर ओढून भिंतीकडे तोंड केलं.

शेजारची अन्नपूर्णा साखर मागायला आली होती. तिचा पोरगा अडीच महिन्यांचा, तिचं दूध महिन्यातच बंद झालं, पावडर पाजते. ती गेल्यावर मी म्हटलं, "बाईले दूध येत नाही म्हणजे काय? मनावर घेतलं नाही तिनं. पंचवीस वर्षांची भाकड. भाकड म्हैस तरी शेण देते."

 समताने मशीन बंद केली. बाटलीत बोटभर होतं.

"एवढंच?" मी म्हटलं.

"आता पेली ना ती, आई," म्हणाली.

२ जुलै, बुधवार

आज चंद्रीने तमाशा केला. यांनी तिची वगार सकाळीच शेतात नेऊन बांधली, गोठा साफ करायचा म्हणून. मी धार काढायला बसली तर थेंब नाही. सड ओढून ओढून माझी बोटं दुखली. सरकीची ढेप टाकली, पाठीवरून हात फिरवला, शिव्या दिल्या. काही नाही. पान्हा चोरून उभी. वगार नजरेसमोर नसली की असंच करते. शेवटी हे शेतातून वगार घेऊन आले, समोर बांधली, तिने एकदा चाटलं आणि बादली भरली. यांना चांगलं सुनावलं. एवढी वर्षं म्हशीत राहून माणसाला एवढं कळू नये.

समताच्या बाटल्या आज चारच्या तीन आल्या. खात नसेल नीट. डिंकाचे लाडू करून उद्या शेषरावच्या गाडीने पाठवते.

११ जुलै, शुक्रवार

आज दोन बाटल्या आणि तिसरी अर्धी. कालचं पोरगी चारलाच संपवून बसली, मग गाडी येऊन बाटली कोमट होईपर्यंत ओरडत होती. मी समताला फोन लावला. मागे माणसांचा आवाज येत होता.

मी म्हटलं, "लाडू खाल्ले का फेकले?"

"खाल्ले."

"मंग दूध कुठी गेलं? माह्या नातीले उपाशी मारतं का?"

"काढते आई. आज वेळ नाही भेटला. उद्या पाठवते जास्त."

"वेळ नाही भेटला म्हणजे? लेकराच्या पोटाले सुट्टी आहे का तुह्या लॅबसारखी?"

फोन कट झाला. रेंज गेली असेल.

१५ जुलै, मंगळवार

पाच बाटल्या. पाचही गळ्यापर्यंत भरलेल्या. मी शेषरावसमोरच झाकण काढून पाहिलं. त्याला म्हटलं, "पाह्य, लाडवाचा गुण." तो म्हणाला, "हाव मावशी, लाडूच तो," आणि काच पुसायला लागला.

थोडं रागावलं की काम होतं. पोरींना लाडाने काही समजत नाही.

सुजाताने सातला नव्वद घेतलं. इतकं कधीच नव्हतं घेतलं. लगेच झोपली.

२० जुलै, रविवार

समता आली पण पोरगी तिच्या अंगावर जाईना. तोंड लावते, दोनदा ओढते, पाठ ताठ करून रडते. बाटली दाखवली तर दोन्ही हात पसरते. चार महिन्यांचं लेकरू, त्याला जे लवकर येतं ते पाहिजे. मी म्हटलं, "सवय मोडली तिची. येजो ना मधात एखाद्या दिवशी." समता न्हाणीघरात गेली, बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. डोळे लाल करून बाहेर आली. मी म्हटलं एवढं असेल तर नोकरी सोड. ती म्हणाली, "मंग खोलीचं भाडं तू देशील?" माझ्याशी असं कधी बोलत नव्हती.

नंतर संजीवनी आली. दोघी अंगणात लिंबाखाली उभ्या राहून हळू हळू बोलत होत्या. मी चहा घेऊन गेली तर गप्प. मी विचारलं काय चाललं. संजीवनी म्हणाली लसीचं.

वजन सहा किलो दोनशे. संजीवनीने वहीत सही केली. आईच्या दुधाची ताकद ती.

२८ जुलै, सोमवार

एक गोष्ट लिहून ठेवते. आधी बाटली फ्रिजमध्ये ठेवली की वर सायीचं कडं यायचं, हलवलं की मिसळायचं. आता दोन आठवडे झाले, कडंच नाही. दूध सारखं पांढरं. आणि आज बाटली धुताना तळाला बारीक गाठी दिसल्या, रव्यासारख्या. बोटाने चुरगाळल्या गेल्या. वासही वेगळा, बिस्किटासारखा.

खामगावचं पाणी असेल. नाहीतर तिच्या अंगात रक्त कमी असेल, दिवसभर लोकांचं रक्त काढते, स्वतःचं कोण पाहतं. ह्या वेळी अळिवाचे लाडू पाठवले, खोबरं जास्त घालून.

५ ऑगस्ट, मंगळवार

आज अंगणवाडीत स्तनपान सप्ताहाचा कार्यक्रम झाला. सरपंच बाई होत्या, तालुक्याच्या मॅडम होत्या, गावच्या पंचवीस-तीस बाया. कोणी तरी माझं नाव घेऊन मॅडमला सांगितलं की जनकाबाईच्या नातीचं दूध पन्नास किलोमीटरवरून गाडीने येतं. मॅडम म्हणाल्या, आजी, दोन शब्द बोला. संजीवनी म्हणाली, "राहू द्या मॅडम, काकूले घाई आहे, म्हशी सोडायच्या आहेत." मला कसली घाई. मी उठली.

मी म्हटलं, माझी लेक नोकरी करते, तरी एक दिवस तिने लेकराला डब्याची पावडर दाखवली नाही. स्वतःचं काढते, बर्फात घालते, पाठवते. मी चिखल तुडवत फाट्यावर जाते. घरी बसून, मोबाइल पाहत पावडर पाजणाऱ्या आया ह्या गावात आहेत, त्यांनी माझ्या लेकीचे पाय धुऊन पाणी प्यावं.

टाळ्या झाल्या. अन्नपूर्णा मधल्या ओळीत होती. पोरगं खांद्यावर घेतलं आणि निघून गेली. जाऊ दे. खरं बोललं की झोंबतंच.

संजीवनी खाली वहीत काही तरी लिहीत होती. टाळी वाजवली नाही तिने. मॅडमने माझं कौतुक केलेलं तिला पाहवलं नसेल.

७ ऑगस्ट, गुरुवार

आज जे झालं ते लिहिते.

त्या गाठी काही डोक्यातून जात नव्हत्या. म्हटलं दुधाची फॅट मोजून घेऊ, म्हणजे समताला सांगता येईल काय कमी पडतं, तूप खा का शेंगदाणे खा. आमच्या डेरीवर भाऊरावकडे मशीन आहे. वीस वर्षं त्याच्याकडे दूध घालते. सकाळी माझी कॅन मापून झाल्यावर कालच्या बाटलीतलं वाटीभर दूध त्याच्यापुढं ठेवलं. कोणाचं ते कसं सांगणार, रांगेत सारे पुरुष. म्हटलं, "एवढं पाहून देजो."

त्याने मशीनला लावलं. आकडा पाहिला. वाटी हलवली, तळाकडं पाहिलं. मग बोट बुडवून जिभेला लावलं.

"जनकाबाई, हे काय आणलं?"

"दूध."

"पावडर आहे हे."

मी म्हटलं, "भाऊराव, तोंड सांभाळ. माह्या घरचं दूध आहे. वीस वर्षांत पाण्याचा थेंब टाकला नाही मी."

"म्हणूनच तं म्हणतो ना. तुमच्याकडून मले हे अपेक्षित नव्हतं." रांगेतले सगळे ऐकत होते. "मशीनची चूक होईल, माह्या जिभेची नाही होत. आणि डेरीची पावडर बी नाही हे, लेकराच्या डब्यातली आहे. माह्या नातवाले तेच देतो आम्ही. गोड लागते. हे कायले मिसळून राह्यल्या बाप्पा, हे तं दुधाहून महाग."

कोणी तरी मागून हसलं. म्हणालं, "काकूनं म्हशीले अंगणवाडीत टाकलं वाटते."

मी वाटी उचलली आणि आली. वाटेत कोणाकडं पाहिलं नाही. घरी येऊन फ्रिजमधल्या चारही बाटल्या खिडकीशी उजेडात धरून पाहिल्या. चारींच्याही तळाला तेच.

मी म्हशीचं दूध वासावरून ओळखते. कोणत्या म्हशीचं, काय खाल्लं होतं, ते सांगते. आणि तीन आठवडे माझ्या स्वतःच्या लेकीने मला डब्यातली पावडर कालवून, बर्फात घालून पाठवली, आणि मी तिच्यासाठी लाडू वळत बसली.

८ ऑगस्ट, शुक्रवार

सगळ्यांना ठाऊक होतं.

शेषराव म्हणतो, "मावशी, मले वाटलं तुमाले माहीत आहे. एकदा समताताईनं मलेच मेडिकलवरून डबा आणायले लावला होता."

संजीवनी म्हणते, "तिचं दूध आटलं होतं काकू. मीच म्हटलं उपाशी ठेवण्यापेक्षा पावडर दे, पाणी उकळून दे. तुमाले सांगायले बी म्हटलं होतं मी तिले." मी म्हटलं, आणि मला स्टेजवर चढू दिलं? ती म्हणाली, "मी थांबवत होती. तुम्ही थांबता का?"

यांना विचारलं. हे म्हशीला चारा टाकत होते. म्हणाले, "अंदाज होता."

"मंग बोलले काऊन नाही?"

"तू खुश होतीस."

नवरा, लेक, आशा ताई, गाडीवाला. एका गोठ्यातल्या ढोरांनी मिळून मला खुंट्याला बांधलं. जेवली नाही.

पोरीला तेच दूध पाजलं, दुसरं काय करू. ती पिते आणि माझ्याकडं पाहून हसते. तिलाही ठाऊक असेल.

१० ऑगस्ट, रविवार

समता दहाला आली. हातात थर्माकोलचा डबा नव्हता. पिशवीत पावडरचा डबा होता, लपवलेला नाही. यांनी फोन केला असणार.

मी विचारलं, "किती दिवसापासून?"

"चौदा जुलै."

"म्हणजे महिनाभर मी चिखलात उभी राहून मेडिकलचं दूध आणून राह्यली."

"हाव."

"काऊन नाही सांगितलं मले?"

"काय सांगू? भाकड झाली म्हणून सांगू?"

मी म्हटलं, "ते मी अन्नपूर्णाले म्हटलं होतं. तुले म्हटलं का?"

"मी तवा मशीन लावूनच बसली होती ना आई. बोटभर येत होतं. तू म्हटलं, एवढंच?"

मला ते आठवतही नव्हतं. बोलण्यात माणूस दहा गोष्टी बोलतं. मी म्हटलं, "सारं गाव हसलं मले. भाऊरावनं चारचौघात भेसळखोर ठरवलं. पोटच्या पोरीनं हे करावं?"

मग ती सांगायला लागली, पोरीला मांडीवर घेऊन, माझ्याकडं न पाहता. लॅबमध्ये जागा नाही म्हणून संडासात बसून काढत होती. पाच मिनिटं झाली की मालक दार वाजवतो, बाहेर पेशंट. पोरीचा फोटो मोबाइलमध्ये पाहत काढायची, पहिले पंधरा दिवस आलं, मग फोटो पाहूनही येईना. रोज थोडं थोडं कमी. एक दिवस अर्धा तास मशीन लावली तर रक्त आलं. त्याच दिवशी माझा फोन आला होता, लेकराच्या पोटाला सुट्टी आहे का म्हणून.

मी म्हटलं, "हे बी नाही सांगितलं."

"तू विचारलं कुठी? तू तं सांगतच राहते, आई."

चांगलं आहे. खोटं तिने बोलायचं आणि तोंड माझं वाईट.

मग म्हणाली, "मी तिले न्यायले आली. बाजूच्या खोलीत कौशल्याबाई राह्यतात, त्या पाहतात म्हणाल्या दिवसभर. संध्याकाळी तं माह्याजवळ राहीन."

"परकी बाई पाहील, पण मी नको."

"तू म्हशी सोडून येतं का?"

मी गोठ्याकडं पाहिलं.  ती लंगोट पिशवीत भरायला लागली.

पोरीची प्यायची वेळ झाली होती. मी म्हटलं, आण तो डबा, निदान एकदा तरी माझ्या डोळ्यासमोर कालवू. तिने दाखवलं. पाणी उकळून कोमट करायचं, आधी पाणी, मग पावडर, चमचा सपाट, शीग लावायची नाही. मी चार चमचे टाकले. बाटली हलवली. घेऊन आली तर समताने पोरीला अंगावर घेतलं होतं.

मी म्हटलं, "आता काय आहे तिथं?"

 पोरगी ओढत होती. मी वाट पाहत होती की आता पाठ ताठ करेल, रडेल. नाही रडली. एका मुठीत आईचं मंगळसूत्र धरलं आणि डोळे मिटून ओढत राहिली. बराच वेळ. काही येत नव्हतं, मला ओढण्यावरून कळतं. मग तशीच झोपली. समताही भिंतीला टेकून डोळे मिटून होती. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं आहे. मी बाटली धरून उंबऱ्यात उभी. आवाज कसा देऊ, जागी होईल म्हणून उभीच राहिली.

तीनच्या गाडीने गेल्या. पोरगी झोपेतच नेली. हे फाट्यावर सोडायला गेले, मी नाही गेली. समता पाया पडायला वाकली तेव्हा मी म्हटलं, "खोटं बोलून पाया पडू नको." तरी पडली. पावडरचा डबा सोबत नेला.

घर रिकामं झालं. ओट्यावर ती बाटली तशीच होती. कालवलेलं फार वेळ ठेवायचं नाही म्हणाली होती. मी मोरीत ओतायला घेतली. एकशेवीस मिली, मी स्वतः केलेलं. मग ओतलं नाही. कपात घेतलं आणि प्यायली, सगळं.

गोड आहे. वाईट नाही. माझी नात ह्याच्यावर अंगाने भरली, हसायला लागली, कुशीवर वळायला लागली. एवढंच होतं तर तोंडाने सांगायचं ना. मी काय तिला खाल्लं असतं?